अक्षराला पंचवीस रुपये

ऋत्विजा मॅडमनी कागद दिला : चौदा सालं, चौदा ओळी.
'काका, हे आपल्या भिंगरी पार्कचे मैलाचे दगड.
हाताने रंगवलेले हवेत, जुन्या पाटीसारखे. स्टिकर नको.'
स्टिकरनेच माझा धंदा बसवला, हे मी बोललो नाही.
अक्षराला पंचवीस रुपये ठरले.
काना, मात्रा, वेलांटी त्यातच.

भांडुपच्या ऑफिसात चाळीस फुटांची भिंत.
दोन टोकांना खिळे, मधे दोरा, दोऱ्याला नीळ.
एक टिचकी, की सरळ रेघ.

'१९६८ : मोतमाउलीच्या जत्रेत पहिला पाळणा.'
लिहिलं.
चार पेट्यांचा, लाकडी. मोटार कुठली!
बस्त्याव घोन्साल्विस, तेव्हा शेठ नव्हते,
माकडासारखे वर चढायचे, दांडीला लोंबकळायचे,
अंगाच्या वजनाने पेटी खाली आणायचे.
रेमेदीनबाई लुगड्याच्या ओच्यात चिल्लर घेऊन बसलेल्या.
मी नऊ वर्षांचा, दहा पैशांत पाच फेऱ्या.
वर गेलो की समुद्र होता,
खाली आलो की नव्हता.

'१९७९ : घोड्यांच्या चक्राचे आगमन.'
बारा घोडे लतीफउस्तादांनी रंगवले, तेरावा मला दिला.
त्याचा डावा डोळा माझ्या हातून नाकाकडे सरकला.
उस्ताद म्हणाले, राहू दे, आता पुसलास तर रडेल.
पोरं त्या तिरळ्यासाठीच रांग मोडायची.

'१९८३ : कुशल मनुष्यबळाची भरती.'
गिरण्या थंड पडल्यावर सात जण आले,
त्यांत धोंडू कासले, जॉबर.
स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगला, मूठ कानाला.
'घसा बसलाय हिचा,' म्हणायचा
आणि ग्रीसचा डबा मागवायचा.

'१९९१ : कृत्रिम लाटांचा तलाव.'
समुद्रापासून दोन तासांवर, तिकीट लावून लाट.
धोंडूची बायको देवगडची. हसून हसून
तिला ठसका लागला होता.

त्याखाली थेट १९९७.

१९९४ कागदावर नाही.
मे महिना, संध्याकाळचे सात, मोठा पाळणा अडकला.
जनरेटर खोकला आणि गप्प.
वर बावीस माणसं, त्यांत एक बारसं झालेलं, नाव अजून नवं.
धोंडू वर चढला. मागून ते सहा जण.
रिकाम्या पेट्या हेरून, दांड्यांना लटकून
गिरणीतल्यासारखी आरोळी देत
एकेक पेटी जमिनीवर उतरवली त्यांनी, नुसत्या वजनाने.
बस्त्यावशेठ खाली खुर्चीत, पक्षाघाताने अर्धे,
उरलेल्या हाताने मोजत होते :
वीस. एकवीस.
बाविसाव्याला ते रडले, की लाळ होती, कुणाला कळलं नाही.
धोंडूचा खांदा पुढे कायमचा उतरलेला.
डाव्या हाताने जेवायचा.

'काका, एक्क्याण्णव आणि सत्त्याण्णवमधे
गॅप जास्त वाटतोय का?'
वाटतोय, मॅडम. भिंतीला पोक आहे.
त्या मान तिरकी करून बघत राहिल्या.
मग त्यांचा फोन वाजला.

'२००७ : शेअर बाजारात नोंदणी.'
'२०१६ : दुसऱ्या राज्यात पदार्पण.'
शेवटी तीन फूट कोरे सोडायला सांगितले, भविष्यासाठी.
बिलात दोनशे बासष्ट अक्षरं लावली.
कोऱ्या जागेचे पैसे लावले नाहीत,
तीन फुटांचेही नाही
आणि त्या एका वितीचेही.

निघताना लॉबीत तेरावा घोडा दिसला,
दोरीच्या कुंपणात, पितळी पट्टी : 'आमचा वारसा'.
कुण्या शहाण्याने त्याचा डोळा सरळ केलाय.
वॉचमन चहाला गेला होता.
माझ्याकडे दोन नंबरचा ब्रश होता, थोडा काळा उरलेला.

दोरी ओलांडायला गुडघ्यांनी फार वेळ घेतला.